माझी दुसरी धार

मित्रांनो, जिच्यात पराक्रम थोडा आणि वैताग पुष्कळ आहे, अशी माझी जीवनकथा मी आज आपणांसमोर विनयपूर्वक सादर करीत आहे.

मी एक जुना ड्रिल आहे. यंत्राच्या जबड्यात बसून गरागरा फिरावे आणि लोखंडाला भोक पाडावे, हा माझा धर्म. अंग पोलादी व पीळदार, जाडी बरोबर दहा मिलिमीटर. कारखान्याने माझ्या टोकाला दोन धारा दिल्या, अगदी जुळ्या बहिणींसारख्या. त्या काळी मी फिरू लागलो की लोखंडाच्या किसाच्या दोन सारख्या बटा उसळत. मालक म्हणत, "शाब्बास रे पठ्ठ्या!"

मालक पेशाने चष्मेवाले. घराच्या मागच्या खोलीत त्यांनी हौसेने छोटी कार्यशाळा थाटली होती. पुढे मी बोथट झालो, तेव्हा धार लावायला त्यांनी मला ग्राइंडरच्या फिरत्या दगडावर धरले. पहिली धार त्यांनी मन लावून घासली. दुसरीची पाळी येईपर्यंत त्यांचा धीर संपला, आणि ती त्यांनी कशीबशी उरकली. दर वेळी हेच! एक धार लांब, दुसरी आखूड. मित्रांनो, एक पाय आखूड असलेल्याला सरळ रेषेत पळायला लावावे, तशी माझी गत झाली.

अशातच मालकांच्या वडिलांच्या, म्हणजे बाबांच्या, पायाचे ऑपरेशन झाले. मागच्या दाराच्या पायऱ्या कोणी हात न धरता उतराव्यात आणि आपल्या झाडांपाशी जावे, एवढीच त्यांची इच्छा होती. "मला सारखं धरू नका रे! मी काय तान्हं बाळ आहे?" असे ते चिडून म्हणत. म्हणून मालकांनी आधाराचा लोखंडी दांडा करावयास घेतला. दांड्याच्या टोकांच्या खुंट्या भिंतीवरील लोखंडी पट्ट्यांच्या भोकांत घट्ट बसायच्या होत्या. ती भोके पाडण्याचे काम माझ्याकडे आले.

मी फिरू लागताच थरथरलो, भरकटलो. दारात उभ्या मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, कीस एकाच बाजूनं निघतोय. दुसरी बाजू रजेवर आहे का?"

"तू तुझं बघ. धार कशी चमकतेय, दिसत नाही?"

चमक! तिने भोक पडत असते, तर आरशानेही पाडले असते. माझे भोक मोठे आणि वेडेवाकडे झाले. तरी मालकांनी दांडा बसवलाच. बाबांनी त्यावर निर्धास्तपणे हात ठेवला, पायरीवर पाय टाकला, आणि दांडा खुळखुळला.

"हा मला धरणार, की मी ह्याला?" असे म्हणून बाबा आत निघून गेले.

मालकांनी मला फरशीवर आपटले. "ड्रिलच भिकार आहे!"

मी भिकार? माझा जीव जळून खाक झाला. परंतु मालकीणबाईंनी मला उचलले. "दुकानात भिंगाचा मध्य काढायला तासभर लावता. मग ह्याच्याकडेच डोळेझाक का?"

मालकांनी मला उजेडात धरून नीट पाहिले. मग त्यांनी दोन षटकोनी नट शेजारी-शेजारी चिकटवून धरले. त्यांच्यामधली खाच जवळजवळ माझ्या टोकाच्या कोनाएवढीच असते. दगडावर थोडे घासायचे, खाचेत टोक बसवून पाहायचे, मोजपट्टीने दोन्ही धारा मोजायच्या, पुन्हा घासायचे. मी नखभर आखूड झालो, पण नव्या पट्ट्यांतून किसाच्या दोन बटा निघाल्या. खुंट्या हातोडीने ठोकूनच आत गेल्या.

आता दांडा तसूभरही हलत नाही. परंतु बाबा उतरताना एक हात दांड्यावर ठेवतात आणि दुसऱ्या हाताने सुनेचा खांदा धरतात. झाडांपाशी ते अजून एकटे गेलेले नाहीत. हे पाहून माझा जो संताप होतो, तो कोणत्या दगडावर घासू?

म्हणून मित्रांनो, माझी कळकळीची विनंती आहे. हत्याराला धार लावताना पहिल्या बाजूवर जेवढे प्रेम कराल, तेवढेच दुसरीवर करा. भोक चुकले तर पट्टी नवी आणता येते. बाबांचा तो पहिला निर्धास्त हात मला पुन्हा आणता आला नाही.

माझे रडगाणे शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
दहा मिलिमीटरचा ड्रिल