आवाज बंद केल्यावर

शाळेला पाहुणे येणार असे ठरले की वर्गातले खरे काम थांबते आणि वर्गाची सजावट सुरू होते, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाने विद्यार्थी म्हणून नाही तरी पालक म्हणून घेतलेला आहे. एकलहऱ्याच्या त्या प्राथमिक शाळेत गुरुवारी तेच चालले होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता विस्तार अधिकारी आभा मॅडम तिसरीचा वर्ग पाहायला येणार होत्या. टॅबवर शिकणाऱ्या या वर्गाचा वाचनाचा अहवाल तालुक्यात पहिला होता. मॅडमचे समाधान झाले, तर तालुक्यातल्या शिक्षकांचे प्रशिक्षण याच शाळेत भरणार होते.

वर्गशिक्षिका सुमेधाबाईंनी प्रात्यक्षिकासाठी निलोफरला निवडले होते. वाचनाच्या ॲपमध्ये तिला शंभरापैकी ब्याण्णव गुण होते आणि नावापुढे ‘प्रगत’ असा हिरवा शिक्का. त्या शिक्क्यावर विसंबून बाईंनी दिवाळीनंतर तिला वाचनाच्या जादा तासातून मोकळेही केले होते.

शाळा सुटल्यावर गुलजारबी वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. ती निलोफरची आजी. शाळेत खिचडी शिजवायला येई. मुलगा आणि सून विंचूरला कांद्याच्या खळ्यावर कामाला असत, आठवड्याने घरी येत. एरवी घरी या दोघीच. अलीकडे तांदळातले खडे दिसेनासे झाले, तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे कळले होते. तिने कमरेला खोचलेला घडीचा कागद काढून बाईंपुढे धरला.

शहरातल्या दवाखान्याचा कागद होता तो. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासण्यासाठी बुधवारी सकाळी आठ वाजता उपाशीपोटी यावे, असे त्यावर छापले होते.

“काल गेले व्हते बाई, चहा-भाकर खाऊन,” गुलजारबी म्हणाली. “परत पाठवलं. आता महिन्याभरानं बोलावलंय.”

निलोफरकडून वाचून घ्यायला हवे होते, असे बाई म्हणाल्या.

“तिलाच दिला व्हता. तारीख अन् टाइम बरोबर सांगितला, आकडे येतात तिला. बाकीचं विचारलं, तर कागद उलटापालटा केला अन् म्हणते, दादी, ह्याला स्पीकर कुठंय?”

बाईंना हसू आले, आणि ते ओठांवरच थिजले. ॲपमधल्या प्रत्येक प्रश्नाशेजारी कर्ण्याचे लहानसे चित्र होते. त्याला बोट लावले की गोड आवाजात प्रश्नही ऐकू येई आणि उत्तराचे पर्यायही.

शुक्रवारी नऊ वाजताच बाईंनी निलोफरला बोलावले, टॅबचा आवाज पूर्ण बंद केला आणि तो तिच्या हाती दिला. निलोफरने कर्ण्याला बोट लावले, पुन्हा लावले, मग टॅब कानाशी नेऊन हलवून पाहिला.

“बाई, हा बिघडलाय.”

“बिघडला नाही. तू वाच ना.”

निलोफर अक्षरांकडे पाहत राहिली. तिचे डोळे भरून येऊ लागले तसा बाईंनी टॅब काढून घेतला. मग त्यांनी येतील तशी सगळी मुले एकेक करून तपासली. सव्वीसपैकी अकरा जणांची हीच गत होती, आणि अकराही नावांपुढे हिरवा शिक्का होता.

घड्याळात साडेदहा झाले होते. मुख्याध्यापक गोविंद सरांनी सारे ऐकून घेतले. हे टॅब मिळवण्यासाठी त्यांनी दोन वर्षे कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. माणूस कळकळीचा होता. आजचा दिवस आवाज चालू ठेवावा, गुण मुलांचेच आहेत, आपण खोटे काहीच दाखवत नाही, उणीव सोमवारपासून भरून काढू, असे त्यांचे म्हणणे पडले. खरे सांगायचे तर बाईंनाही ते पटवून घ्यावेसे वाटत होते, कारण त्या अहवालाखाली सही त्यांची होती.

तांदूळ मोजून घ्यायला आलेली गुलजारबी दाराशी थबकली होती. तिला पाहून सर समजुतीच्या सुरात म्हणाले, “आजी, या यंत्रामुळेच तर तुमची नात पुढे आली.”

“यंत्राला मी वाईट नाय म्हणत, सर. त्याच्यापायीच ती शाळेला पळत येते.” गुलजारबीने हातातले माप खाली ठेवले. “पण माझ्या डोळ्यावर पडदा हाय, हे कागदावर लिव्हलंय, म्हणून मला दवाखान्यात बोलावतात. हिच्यावर बी पडदा हाय. तुमच्या कागदावर तर ती चांगली हाय. मग हिला कोण बोलावणार?”

तेवढ्यात फाटकाशी गाडी वाजली.

निलोफर पहिल्या बाकावर लाल रिबिनी बांधून बसली होती. सकाळचा प्रसंग ती विसरली नव्हती. टॅबचा आवाज परत आला होता, तरी तो पुन्हा गेला नाही ना, हे ती सारखी चाचपून पाहत होती. आभा मॅडम तिच्याजवळ वाकल्या.

“वाच पाहू हा प्रश्न.”

निलोफरचे बोट कर्ण्यावर टेकणार, तोच सुमेधाबाईंनी तिचा हात अलगद आपल्या हाती धरला. एक क्षण, आणि सारा अहवाल कोसळणार होता!

“निलोफर, थांब बाळ. सगळ्यांनी बाहेर आजींबरोबर ओट्यावर जाऊन बसा बरं.”

वर्ग रिकामा झाल्यावर त्या म्हणाल्या, “मॅडम, हिला आणि आणखी दहा मुलांना वाचता येत नाही. ॲप वाचून दाखवते, आणि त्यांच्या ऐकण्याला मी वाचन समजले. चूक मुलांची नाही, यंत्राचीही नाही. आवाज बंद करून पाहणे माझे काम होते.”

मॅडमनी पेनाचे टोपण लावले, पुन्हा काढले. “बाकीच्या शाळांचे अहवाल असेच असतील?”

“ते मला सांगता येणार नाही. पण तपासायला दोन तासांहून जास्त लागत नाहीत.”

प्रशिक्षण दुसऱ्या शाळेत झाले. गोविंद सर आठ दिवस बाईंशी कामापुरतेच बोलले. नवव्या दिवशी मात्र जादा तासाला आपणहून येऊन बसले आणि चार मुले त्यांनी स्वतःकडे घेतली. वर्गात आता नवी शिस्त आली. आधी आवाज बंद ठेवून मुलाने वाचायचे, मग कर्णा दाबून आपले बरोबर होते का हे पडताळायचे. टॅब तेच राहिले, ॲपही तेच. अकरा हिरवे शिक्के तेवढे पुसले गेले.

मार्चअखेर गुलजारबी डोळ्याला हिरवी पट्टी लावून शाळेत आली. दवाखान्याचा नवा कागद निलोफरच्या हातात होता आणि बोट ओळीखालून सरकत होते.

“डो-ळ्या-ला पा-णी… ला-गू दे-ऊ…”

“नये,” बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत गुलजारबीने अंदाजाने पुरवले.

“दादी, मधे बोलू नको. मी वाचतेय.”

नागरिकहो, मुलांच्या हाती यंत्र जरूर द्या. ते देण्यात काही गैर नाही. पण मुलाने करायचे काम यंत्र करू लागले आहे का, हे पाहण्याची जबाबदारी यंत्रावर सोपवता येत नाही. ती आपली आहे. आपल्या घरातले मूल पडद्यापुढे हुशार दिसत असेल, तर आज एकदा आवाज बंद करा, छापील कागद त्याच्या हाती द्या, आणि ते अडखळले तर रागावू नका. त्याच्या शेजारी बसा.