झुलाल नानांचं धाबं

आमच्या घराण्याचं छप्पर सरकारनं जतन करून ठेवलंय, फक्त त्याच्याखाली घर नाही. हे मी माहेरी, जळगावला मेहरूणमध्ये सांगितलं, तेव्हा आईला वाटलं पोरीला सासरी नांदायचं नाही, म्हणून खुसपटं काढतेय.

पण खरंच तसं आहे. माझे आजेसासरे झुलाल नाना बेचाळीसच्या चळवळीत होते. त्यांचं मातीचं घर धुळे-चाळीसगाव रस्त्याला लागून होतं. रस्ता रुंद करायचा ठरला तेव्हा माझे सासरे, सुकदेव आबा, घराला हात लावू देईनात. मग पुरातत्त्व खात्याचे लोक आले. त्यांनी विचारलं, "यात इतिहास नेमका कुठे घडला?" आबा खरं बोलणारा माणूस. त्यांनी वर बोट केलं आणि म्हणाले, "धाबावर." झालं! भिंती पाडल्या, धाबं क्रेननं उचललं, जरा मागे सरकवून सिमेंटच्या चार खांबांवर ठेवलं आणि भोवती साखळी लावली. आम्ही राहायला मागच्या स्लॅबच्या घरात गेलो.

धाबं म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छप्पर. खाली लाकडं, त्यावर काड्यापाला, त्यावर खाऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात त्यावर झोपायचं, मिरच्या वाळत घालायच्या. खानदेशात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बोर्ड रंगवला गेला दूर कुठेतरी, आणि तिथल्या शहाण्याला वाटलं, खेड्यातल्या लोकांनी अशुद्ध लिहिलंय. त्यानं अनुस्वार काढून काना दिला. बोर्ड आला तो असा: 'थोर स्वातंत्र्यसैनिक झुलाल नाना: ऐतिहासिक धाबा'.

आता हायवेच्या कडेला चार खांब, वर छप्पर, खाली गार सावली आणि बोर्डावर धाबा. माणसांनी करायचं काय? ट्रकवाले साखळी ओलांडून आत बसायचे आणि मला हाक मारायचे, "ताई, शेवभाजी आहे का?" धुळ्याचे चंपालाल शेठ तर सगळं कुटुंब गाडीत घालून आले. फार सभ्य माणूस. म्हणाले, "ऐतिहासिक आहे म्हणून मुद्दाम थांबलो. कांदा-लसूण न घालता मिळेल ना?" मी म्हटलं, "शेठजी, आमच्याकडे कांदा नाही, लसूण नाही आणि भाजीपण नाही." कांदा-लसूण नाही ऐकून त्यांचा चेहरा खुलला आणि भाजी नाही ऐकून पडला.

या सगळ्यात आबांचे हाल मला बघवत नव्हते. ते सकाळीच कडक टोपी घालून खांबापाशी बसायचे. त्यांना हार नको होता, सत्कार नको होता. आपल्या बापानं त्या धाब्यावर काय केलं, ते मरायच्या आधी चार लोकांनी नीट ऐकावं, एवढंच हवं होतं. नानांनी स्वतः ते कधी सांगितलं नव्हतं, सांगू शकलेच नव्हते. ते डोळ्यांनी पाहिलेला माणूस आता एकटे आबाच. पण "हे स्मारक आहे, इथे जेवण नाही" एवढं कानावर पडलं की गिऱ्हाईक उठायचं. आबा उठून "बेचाळीस सालमा..." म्हणेपर्यंत गाडी सुरू.

आबांनी अर्ज सुरू केले. एक काना काढा आणि एक टिंब द्या, एवढीच मागणी. माझा नवरा हेमराज चाळीसगावला मास्तर आहे, तो सुवाच्य अक्षरात अर्ज लिहायचा. उत्तरं यायची. एकदा आलं की, धाब्याचं नाव बदलायचं असल्यास आधी धाब्याचा परवाना दाखवा. एकदा आलं की, टिंब कोणत्या रंगाचं हवं ते कळवा. आबांनी मन लावून कळवलं, पांढरं. त्यावर काहीच आलं नाही. अशी वर्षं गेली.

एका दुपारी आबा आत आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "कोनी ऐकस नही, माय. मी मरसू आनि गोष्ट मन्हासंगे जाई."

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो. मी म्हटलं, या मेल्यांना शेवभाजी हवी ना? मग घ्या शेवभाजी! धाब्याखाली चूल मांडली, तवा टाकला आणि साखळी काढून ठेवली. नियम एकच केला: आबांची गोष्ट संपेपर्यंत ताटावरून उठायचं नाही. लोक ऐकू लागले. समोर ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकर असली की माणूस काहीही ऐकतो, इतिहाससुद्धा.

गोष्ट अशी. नानांनी तारा तोडल्या होत्या. पोलीस आले तेव्हा पळायला वेळ नव्हता. ते धाब्यावर चढले आणि तुरीच्या काड्यांखाली पालथे पडून राहिले. पोलिसांनी खाली घरातच मुक्काम ठोकला. आमच्या आजेसासूला रांधायला लावलं आणि आरामात जेवत बसले. वर नवरा उपाशी, तहानलेला, खाली त्याच्याच घरात पंगत. आबा तेव्हा एवढेसे होते. आईनं त्यांना बजावलं होतं, काही झालं तरी वर बघायचं नाही. एका हवालदाराला संशय आला. त्यानं सुक्या लाल मिरच्या मूठमूठभर तव्यावर टाकायला लावल्या. धूर जायचं भोक धाब्यातच. वर कोणी असेल तर खोकेलच, असा त्याचा हिशोब. आजेसासू खोकली, आबा खोकले, पोलीस खोकून खोकून अंगणात पळाले. आणि वरून आवाज आला नाही. काहीच नाही. डोळे पुसत पोलीस निघून गेले. नाना खाली उतरले ते दाबलेला खोकला घशात घेऊनच. आवाज गेला तो कायमचा गेला. पुढे स्वातंत्र्य आलं, भाषणं झाली, नाना कुठल्याच व्यासपीठावर गेले नाहीत.

आबा हे सांगत असताना मी पलीकडे ठेच्यासाठी मिरच्या भाजायची. कोणाला तरी ठसका लागायचाच. की आबा हात उंचावून ओरडायचे, "सापडना! भाऊ, तू सापडना!" म्हणजे, सापडलास! लोक हसायचे, आणि मग हळूच मान वर करून धाब्याकडे बघायचे. तेवढ्यासाठीच तर सगळं होतं. पुढे पुढे ट्रकवाले पैज लावून येऊ लागले, की बघू नानांसारखं कोणाला जमतं. लालबुंद होऊन, नाकाडोळ्यांतून पाणी काढत बसायचे. अजून कोणाला जमलेलं नाही. आबा जेवायला घरात येईनासे झाले. आवाज खणखणीत झाला. हेमराज म्हणाला, आबा दहा वर्षांनी लहान दिसतात.

आणि नेमका तेव्हाच खात्याचा टेम्पो आला. सोबत मोनाली मॅडम. बोर्डावर पांढऱ्या टिंबासकट लिहिलं होतं: 'झुलाल नाना: ऐतिहासिक धाबं'. मॅडम खाली उतरल्या, चूल बघितली, परातीतलं पीठ बघितलं, ठसका दाबून बसलेले दोन क्लीनर बघितले.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे नियम धाब्यावर बसवलेत!"

"वर नही, माय," आबा म्हणाले, "खाले बसाडेल शेतस."

मॅडमना हसू आलं, पण नियम तो नियम. जतन केलेल्या वास्तूत चूल चालत नाही. बाई वाईट नव्हती. टिंबाची फाईल कुठल्या तरी कपाटामागून तिनंच शोधून काढली होती, त्यामुळे तिच्यावर रागावताही येईना. आबांनी बोर्ड वाचला. स्टूल मागवून वर चढले, टिंबावरून बोट फिरवलं आणि दोन्ही हात जोडून मॅडमना म्हणाले, "मन्हा बापले न्याय भेटना." मिळाला एकदाचा न्याय. मी चुलीवर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवसापासून आबा शुद्ध बोर्डाखाली शुद्ध टोपी घालून बसले. गाड्या हळू व्हायच्या, लोक वाचायचे आणि पुढे जायचे. एक जण थांबला, त्यानं विचारलं, इथे पेट्रोल पंप होणार आहे का. नेहमीचे ट्रकवाले लांबूनच हात करायचे, चूल नाही म्हटल्यावर उतरणार कोण? एका साहेबानं खिडकीतून फोटो काढला आणि ओरडून सांगितलं, "काना राहिलाय बरं का!" आबा "बेचाळीस सालमा..." म्हणत उठले, तोवर काच वर गेली होती.

मी हे किती दिवस बघणार? मॅडमना फोन लावायचा, भांडायचं, असं ठरवून सकाळी बाहेर आले, तर आबा स्टुलावर. एका हातात पांढऱ्या रंगाचा डबा, दुसऱ्या हातात हेमराजचा दाढीचा ब्रश. टिंब खरवडून झालं होतं.

"आबा!" मी ओरडलेच. "अहो, या टिंबासाठी जन्म घालवलात तुम्ही! आता कुठे बरोबर लिहून आलंय!"

स्टूल डगमगत होतं. मी धावत जाऊन दोन्ही हातांनी धरलं. आबांनी जीभ दातांत धरून काना ओढला. जरा तिरपाच आला.

"टिंब बरोबर शे, माय," ते म्हणाले. "पन टिंब काही ऐकस नही. भूक्या मानूस ऐकस. चूल पेटाड."