हलका हात

तिने पायाने पेडल दाबले, बेस गिटारची जाड तार छेडली, आणि काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिस्टने मान हलवली. नाही.

"हा भुंगा आहे," हेडफोनमधून त्याचा आवाज आला. "मला कुत्रा हवाय. दारात बसलेला. अजून भुंकला नाही, पण पाऊल पुढे टाकून तर बघ, असं म्हणणारा."

ती हसली, पण हसताना तिची नजर घड्याळाकडे गेली. साडेअकरा. स्टुडिओ दोन वाजेपर्यंतच मिळाला होता. ड्रम आणि गिटार परवाच रेकॉर्ड झाले होते, उरला होता फक्त तिचा बेस. आणि गाण्याचे पहिले वीस सेकंद नुसता बेसच होता. तिथे लपायला जागा नव्हती.

सकाळपासून दोघांनी काय काय करून पाहिले होते. पेडलचे बटण वाढवले की आवाज फाटायचा, पण खालचे वजनच निघून जायचे आणि डब्यात कोंडल्यासारखे काहीतरी भुणभुणत राहायचे. मग रेकॉर्डिस्टने आवाज दोन वाटांनी नेला. एका वाटेने जसाच्या तसा, स्वच्छ. दुसऱ्या वाटेने पेडलमधून, फाटून. दोन्ही एकत्र केल्यावर वजन परत आले. गुरगुर मात्र आली नाही. नव्या तारा चढवल्या. बोटांऐवजी प्लास्टिकच्या पिकने वाजवून पाहिले. भुंगा तेवढा थोडा लठ्ठ झाला.

मघाशी बँडच्या गिटारवाल्याचा निरोप येऊन गेला होता. 'टेन्शन घेऊ नकोस. नाहीच जमलं तर रेकॉर्डिंगपुरता बेस मी वाजवून टाकतो.' त्याच्या मनात काही वाकडे नव्हते, हे तिला ठाऊक होते. तीन वर्षे बँडमधल्या सगळ्यांनी तिची जागा धरून ठेवली होती. दर कार्यक्रमाला कुणालातरी उसने आणायचे, पण कायमचे कुणाला घ्यायचे नाही. त्या जागेवर परत येऊन पहिल्याच कामात हात टेकायचे, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हते.

रेकॉर्डिस्ट उठून आत आला. मधले जाड दार त्याने उघडेच ठेवले. दारापलीकडच्या सोफ्यावर तिच्या सासूबाई शब्दकोडे सोडवत बसल्या होत्या. गिटार आणि पेडलांची पेटी बसमधून आपटत न्यायला नको, म्हणून त्यांनीच गाडी काढून तिला इथे आणले होते.

"पेडल काढ," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "ॲम्प बंद. नुसती वाजव."

ती वाजवू लागली. त्याने कान जवळ आणला, मग तिच्या बोटांकडे बघत राहिला.

"हात फार हलका झालाय गं तुझा. आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये असा नव्हता. तेव्हा वाटायचं, बाई आता तारा उपटून हातात देते की काय. मध्ये शिकवणारं कुणी बदललं का?"

"नाही."

"मग?"

"घरी हळू वाजवायची सवय लागली."

"शेजारी कटकटे आहेत?"

"नाही हो. तसं काही नाही," ती म्हणाली आणि सुरात असलेली तार पुन्हा सुरात लावू लागली.

सोफ्यावरची पेन्सिल थांबली.

तीन वर्षांपूर्वी एका तापानंतर सासूबाईंच्या कानाची नस बिघडली होती. वाटीवर चमचा वाजला तरी त्या भिंत धरून खाली बसायच्या. मुलगा जहाजावर; वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात या दोघीच. सुनेने खुर्च्यांच्या पायांना कापड बांधले, भांडी घासायच्या जागी रबरी चटई घातली, दाराची घंटा काढून टाकली आणि बेस गिटार खोळीत घालून अडगळीच्या खोलीत ठेवली. औषधांनी म्हणा, काळाने म्हणा, गेल्या काही महिन्यांत कान हळूहळू ताळ्यावर आला. आता सासूबाई गाडी चालवत, बाजारात घासाघीस करत, फोनवर जहाजापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलत.

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आत आले तर चालेल?"

"या की काकू," रेकॉर्डिस्टने स्टूल पुढे केले. त्या बसल्या नाहीत.

"मला वाटलं होतं, तू वाजवणं सोडलंस," त्या सुनेला म्हणाल्या.

"सोडलं नव्हतं, आई."

"मग वाजवायचीस कधी?"

"तुम्ही दुपारी पडलात की. अडगळीच्या खोलीत. तारांखाली टॉवेल घालून."

"तीन वर्षं?"

"रोज नाही काही."

"म्हणजे रोज," सासूबाई म्हणाल्या.

रेकॉर्डिस्टला एकदम कुठलीशी वायर तपासायची आठवण झाली. तो खाली वाकला.

सासूबाईंनी तिचा उजवा हात हातात घेतला आणि भाजी निवडताना बघावे तशी एकेका बोटाची पेरे दाबून पाहिली. मग त्यांनी घसा साफ केला.

"कोर्टात एकतीस वर्षं टाइपरायटर बडवलाय मी. वर कोरा कागद, खाली चार कार्बन. नव्या मुली यायच्या, अशा नाजूक टाइप करायच्या. वरचं पान मोत्यासारखं, आणि चौथ्या प्रतीवर नुसतं धुकं. चौथी प्रत कुणाला जायची, माहितेय? ज्याचं घर जायचं, त्या माणसाला. त्याला आपला निकालही धड वाचता यायचा नाही." त्यांनी स्टुलावर मधले बोट आपटले. ठक्. "असं. कुरवाळायचं नाही. बोट वरून पडलं पाहिजे आणि आरपार गेलं पाहिजे."

तिने प्रयत्न केला. तार दणकली, आणि त्याच क्षणी तिचा तळवा जाऊन तारांवर बसला. आवाज जागीच मेला.

"हात कशाला ठेवलास?"

"आपोआप जातो."

"पुन्हा."

पुन्हा तेच झाले. तिचे कान लाल झाले.

"इकडे बघ," सासूबाई म्हणाल्या. "तारांकडे नको, माझ्याकडे बघ. मी उभी आहे ना इथे? काही होतंय का मला? वाजव."

ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिने बोट वरून सोडले. तार खालच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटली, कडकडली, घुमली. तळवा उचलला गेला, अर्ध्या वाटेत थांबला आणि मागे फिरला. सूर आपल्या मनाने विरेपर्यंत कुणी हलले नाही.

"अस्सं," रेकॉर्डिस्ट उठत म्हणाला. "इतका वेळ आपण पेडलला राबवत होतो. बिचारं ते काय करणार? आडात असेल तेवढंच पोहऱ्यात." मग तो घाईने कामाला लागला. "हात जरा मागे, तारांच्या घोडीकडे सरकव. मी पेडल निम्म्यावर आणतो. काकू, तुम्ही बाहेर चला माझ्याबरोबर. इथे कानठळ्या बसतील."

दार बंद झाले. हेडफोनमध्ये ताल देणारे चार टोले पडले आणि तिने सुरुवात केली.

आवाज जमिनीतून आल्यासारखा आला. वर खरखर, खाली वजन, आणि दोन्हींच्या मध्ये दात. माइकचा स्टँड थरथरला. तिच्या बरगड्यांत काहीतरी जागे झाले आणि अंग झटकून उभे राहिले. वीस सेकंद संपले, तरी ती थांबली नाही. पुढे गिटार मिसळली, ड्रम आले, आणि त्या सगळ्याच्या तळाशी तो आवाज दात विचकून चालत राहिला. आपण किती जोरात वाजवतो आहोत याचा विचार ती करत नव्हती, हे तिला गाणे संपल्यावरच कळले.

तेव्हा मात्र तिने चटकन मान वर केली. काचेपलीकडे सासूबाई सोफ्यावर नव्हत्या. रेकॉर्डिस्टच्या खुर्चीमागे, दोन मोठ्या स्पीकरांच्या बरोबर मध्ये त्या उभ्या होत्या. दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर होते. त्या त्याला काहीतरी सांगत होत्या. ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हते.

रेकॉर्डिस्टने बोलायचे बटण दाबले.

"झालं. हेच ठेवायचं. मी गिटारवाल्याला कळवतो, त्याने आपली गिटार सांभाळावी." तो थांबला. "काकू म्हणतायत, पुन्हा एकदा वाजव."

तिने हेडफोन कानावर घट्ट धरला.

"का? कुठे चुकलं?"

त्याने मागे वळून विचारले. सासूबाईंनी मान हलवली, त्या दोन शब्द बोलल्या आणि चष्मा काढून पदराने पुसू लागल्या. तो पुन्हा बटणावर आला.

"चुकलं म्हणून नाही, म्हणतायत."