हाराचा मान

पूर्वरंग संपला की बुवांना बुक्का लावायचा, हार घालायचा. नागरवाड्यातल्या देवळात यंदाही तो मान संयोगिताला मिळाला, आणि झांज धरून बसलेल्या शलाकाचा ताल चुकला. थोरली जाऊ शलाका. मान खरा तिचा. पण धाकटीनं कारेलीबागेत परदेशी नोकऱ्या लावून द्यायचं ऑफिस थाटलं आणि लोक सरकून तिलाच पुढे जागा देऊ लागले.

त्या दिवशी शलाकाला राहवलं नाही. सावली गावाहून कीर्तनाला येणाऱ्या रखमाबाईंचा हात धरून तिनं त्यांना नारदाच्या गादीसमोर उभं केलं. "तुमच्या मुलाला, यशराजला, मी नोकरीला लावते दुबईला!" सगळ्यांदेखत म्हणाली. गादीसमोरचा शब्द! रखमाबाईंनी डोळे मिटून तो प्रसादासारखा घेतला.

"ताई, ऑफिसचा परवाना अजून आला नाही हो," संयोगिता कुजबुजली. "थोडं थांबा."

"बाकीच्यांना पाठवलंस ते? माझ्याच माणसाच्या वेळी बरे नियम आठवले!"

संयोगितानं मान तुकवली आणि यशराज दुबईला गेला. पुढचा महिनाभर शलाकालाही देवळात "या, पुढे बसा" ऐकू आलं. किती गोड वाटलं ते! मग रडतच त्याचा फोन आला: नोकरी नाही, पासपोर्ट काढून घेतलाय, एका खोलीत कोंबलंय. रखमाबाई थेट पोलिसांत गेल्या.

ऑफिसात पोलीस आल्याचं कळताच शलाका धावली. भीती होतीच, पण धाकटीची फजिती बघायची हौसही होती.

"लायसन्स नथी ने, बेन?" गुजराती फौजदार म्हणाले. "मग गुन्हा तुमच्यावर. माणूस आणून देणाऱ्यावरही. यशराजला कोणी आणलं?"

पोलिसांबरोबर आलेल्या रखमाबाईंनी शलाकाकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडायच्या आतच संयोगिता म्हणाली, "मीच. ताई नुसत्या सोबत होत्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं."

दारातल्या गर्दीत कुणीतरी पुटपुटलं, "मन मोठं हं हिचं."

सुटल्याचा आनंद व्हायचा, तर शलाकाच्या अंगाची लाही लाही झाली. हार हिचा, पुढची जागा हिची, आणि आता मोठं मनही हिचंच?

"खोटं बोलतेय ती!" शलाका ओरडली. "परवाना नाही हे मला माहीत होतं. रखमाबाईंना देवासमोर शब्द मी दिला. साहेब, माझं नाव आधी लिहा. थोरली मी आहे."

रखमाबाई पदर तोंडाशी धरून नुसत्या बघत राहिल्या.

खाली जीप उभी होती. संयोगिता आधी चढली, आणि सरकून तिनं जावेला पुढे जागा करून दिली.