बर्फाच्या कारखान्याचे पाहुणे

मालवणात एका बर्फाच्या कारखान्याचा मी व्यवस्थापक आहे. बर्फाला अमोनिया लागतो, आणि तो टाकीतून सुटला तर अर्धं बंदर खोकत पळेल. म्हणून यंदा सरकारने अशा कारखान्यांसाठी मोफत सुरक्षा प्रशिक्षण ठेवलं तेव्हा मालकांनी मला ओरोसला धाडलं. सरकार काही फुकट देतं यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी पुस्तिकेच्या दोन प्रती उचलल्या.

प्रशिक्षणात आणखी एक सोय सांगितली. मागणी केली तर सरकारचा माणूस ओळख न देता येईल आणि कारखान्यात कितपत शिरता येतं ते पाहील. हात फक्त मी वर केला. बाकीच्यांचं मला वाईट वाटलं. एकदा मागणी केली की तपासणीत पास झाल्याखेरीज टाकी भरायची परवानगी मिळत नाही, हे नंतर कळलं. एक ऑगस्टला मासेमारी सुरू होणार होती. तोवर बर्फ नसता तर ट्रॉलर दुसऱ्या कारखान्याकडे वळले असते आणि मालक दुसऱ्या व्यवस्थापकाकडे.

मी फाटक बसवलं, कॅमेरा लावला, रखवालदार बाबलीला शिट्टी दिली. ओळखपत्राशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही, असं बजावलं.

"आणि पावणो इलो तर?" त्याने विचारलं.

"पावणो असलो तरी," मी म्हणालो.

जुलैत एक माणूस आला. कारखाना बघायचाय म्हणाला, ओळखपत्र दाखवेना. बाबलीने त्याला अडवलं. चौकशी कशी करतात हे बाबलीला दाखवावं म्हणून मी स्वतः बाहेर गेलो. आमच्याकडे चौकशी नावापासून सुरू होत नाही, गावापासून होते.

"खंयचे तुमी?"

"कट्ट्याचो. मावशी धामापूरला असते."

धामापूर माझी सासुरवाडी. "सुगंधाकाकी ठावक आसा? देवळाकडची?"

"तीच माझी मावशी."

सुगंधाकाकी म्हणजे माझ्या बायकोची, किशोरीची, सख्खी काकी. नातं लागल्यावर माणसाला फाटकात उभं ठेवणं बरं दिसत नाही. बाबलीला मी थंड आणायला पिटाळलं. पाहुण्याला यंत्रं दाखवली, टाकी दाखवली, कोणता व्हॉल्व्ह चुकूनही फिरवायचा नाही तेही दाखवलं. त्याने किल्ली मागितली. दिली.

थंड पिऊन झाल्यावर त्याने सरकारी ओळखपत्र काढलं.

"भावोजी, तुमी नापास."

मी एवढंच विचारलं, की मावशी तरी खरी आहे का.

"खरी आसा. म्हणानच ह्या कामार माका धाडतत."

महिना संपायच्या आत पुन्हा तपासणी होईल, या वेळी दुसरा कुणीतरी येईल, असं सांगून किल्ली परत देऊन तो गेला. त्यानंतर मी कुणालाही गाव विचारणं सोडलं.

महिनाअखेरीस, भर पावसात, कॅमेऱ्यात फाटकापाशी एक छत्री दिसली. छत्रीखाली खुद्द सुगंधाकाकी. हातात पिशवी. एक भाचा सरकारी खात्यात असलेल्या बाईचा काय भरवसा? मी खोलीतून हललो नाही. बाबलीकरवी निरोप दिला, ओळखपत्र दाखवा. तिने पिशवी फाटकाला अडकवली आणि ती बसथांब्याकडे गेली.

पिशवीत तळलेले गरे होते. जवळून जात होती म्हणून द्यायला आली होती, एवढंच.

संध्याकाळी परवानगी आली. समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेला सावंतवाडीचा एक गृहस्थ तपासणीसाठी आला होता. सख्ख्या सासरच्या माणसालाही आत सोडलं नाही, असा खास शेरा त्याने बसथांब्यावर काकीची चौकशी करून मारला होता. टाकी भरली, बर्फ वेळेवर बंदरावर पोचला. मालकांनी शाबासकी दिली. किशोरीने त्या रात्री फक्त गरे वाढले.

रविवारी तिने मला धामापूरला धाडलं, माफी मागायला. काकी ओटीवर तांदूळ निवडत होती. बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, उभा असलेला मी तिला नीट दिसत होतो. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"खंयचे तुमी?"

मी खिशातून ओळखपत्र काढलं.