एका नंबरावर एकच नाव

फॉर्ममध्ये खोटे नंबर टाकणाऱ्या लोकांचा त्याला मनस्वी राग होता. दहाही जागी नऊच भरणारे, स्वतःचा सोडून साहेबांचा नंबर ठोकून देणारे, ईमेलच्या रकान्यात ‘नाही’ लिहून पुढे सटकायला बघणारे, असल्या सगळ्यांना वेबसाइटच्या दारातूनच परत पाठवायचं हेच त्याचं काम होतं. ऑफिसात त्याला ‘चौकीदार’ म्हणत आणि त्याला ते आवडायचंही. माझ्या फॉर्ममधून माशीसुद्धा खोटा नंबर देऊन आत जायची नाही, असं तो चारचौघांत छाती फुगवून सांगायचा.

डोळ्यांच्या एका धर्मादाय रुग्णालयाचं काम आलं तेव्हा तर त्याला चेवच चढला. तिथे तपासणी आणि ऑपरेशन फुकट, त्यामुळे नोंदणी उघडली की दलालांची झुंबड. वाटेल त्या नावांनी जागा अडवायच्या आणि मग गरजूंना विकायच्या. त्याने एका दुपारी बसून नियम लिहिला: एका नंबरावर एकच नाव. त्याच नंबराने दुसऱ्या कुणाचं नाव आलं की लाल अक्षरं झळकणार, ‘हा नंबर आधीच नोंदवलेला आहे.’ पहिल्याच खेपेला दलाल तोंडघशी पडले. टीमच्या मॅडमनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. त्या आनंदात त्याने मावशीला फोन करून सांगितलं, "काकांचा मोतीबिंदू तिथेच दाखव. ती नोंदणी मी बनवलीय."

आई गेल्यावर त्याला मावशीनेच वाढवलं. काका म्हणजे तिचे यजमान, निवृत्त बस ड्रायव्हर. दोघांत मिळून फोन एकच आणि तोही कायम काकांच्या सदऱ्याच्या खिशात. "आम्ही काय वेगवेगळ्या घरांत राहतो? फोन दोन कशाला?" असं काकांचं म्हणणं.

दोन दिवसांनी मावशीचा फोन आला. तो तेव्हा एका हाताने जेवत होता आणि दुसऱ्याने टाइप करत होता.

"अरे, ह्यांचं नाव गेलं बघ एका झटक्यात. माझं मात्र घेत नाही. म्हणतो नंबर आधीच नोंदवलाय."

"बरोबरच आहे. एका नंबरावर एकच नाव. दुसरा नंबर टाक."

"दुसरा कुठून आणू? झाडाला लागतात का?"

"शेजारणीचा टाक."

"तिचं आणि माझं सध्या बोलणं नाही. अरे, मलाही दाखवायचंच होतं. डोकं ठणकतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात."

दुसरा नंबर त्याच्याकडे होता. त्याचा स्वतःचा. तो त्याला आठवला नाही असं नाही, चांगला आठवला. पण मग रुग्णालयाचे फोन आपल्याला येणार, तारखा आपल्याला कळणार, त्या मावशीला कळवा, रजा काढा, तिला घेऊन जा, हे सगळं एका घासात त्याच्या डोक्यातून गेलं आणि तो म्हणाला, "काकांचं तर झालं ना? तुझं नंतर करू."

"हो रे बाबा, माझं काय अडलंय! तू नीट जेव."

त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो नीट जेवला.

ते ‘नंतर’ काही उजाडलं नाही. काकांना तारीख मिळाली, मोतीबिंदू निघाला, काका पुन्हा पेपर वाचायला लागले आणि घरातल्या भिंतींवरचे डाग मोजून मावशीला चिडवायला लागले. मावशी अधूनमधून दाराच्या चौकटीवर आपटायची आणि चौकटीलाच शिव्या घालायची. तोही हसायचा. हे आठवलं की आता त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ते उघडकीला आलं ते काकांच्या फेरतपासणीत. नर्सने थेंबांची बाटली मावशीपुढे धरली आणि मावशीचा हात बाटलीच्या बाजूने हवेत गेला. नर्स थांबली. तिने बाटली दुसऱ्या बाजूला नेली, हात पुन्हा चुकला. मग नंबर न विचारता, नोंद न बघता तिने मावशीला तशीच डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसऱ्याचं समोरचं तेवढं भोकाएवढं उरलेलं. डॉक्टर म्हणाले की मोतीबिंदू एक वेळ थांबला असता, हा वाट बघत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. सहा महिने आधी आणलं असतं तर बरंच काही वाचलं असतं, असंही ते म्हणाले. तोही सोबत आला होता, बाहेरच्या बाकावर त्याने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने नियम काढायचं ठरवलं. मॅडम म्हणाल्या, "आणि दलाल?" त्याने नोंदी उघडून पाहिल्या. दलालांनी केव्हाच पिशवीभर सिमकार्डं आणली होती, त्यांच्याकडे नंबरांचा काय तोटा! एकच नंबर असायचा तो म्हाताऱ्या नवराबायकोकडे, माय-लेकीकडे. चोर सोडून संन्याशाला सुळी. अशी किती माणसं परत गेली ते त्याला बघायचं होतं, पण बघायला काही नव्हतंच. फॉर्मने नाकारलेलं नाव कुठेच साठत नव्हतं, तसं त्यानेच ठरवलेलं. आत आलेल्यांचे नंबर तेवढे शंभर टक्के खरे होते आणि त्यावर तो वर्षभर मिरवला होता. नियम काढायला एक ओळ पुसावी लागली.

त्याला त्याहून जास्त टोचत होते ते काका. हसरा, वात्रट माणूस पार खचला. आता मावशीच्या ताटात कुठे काय आहे ते सांगायचं, तिला रस्ता ओलांडून न्यायचं, थेंब घालायचे, सगळं तेच करत आणि करताना पुटपुटत, "मी तिची जागा खाल्ली." लग्नाच्या बायकोला मागे ढकलून आपण आधी नंबर लावला, असंच त्यांनी धरून ठेवलं होतं. दर रविवारी तो जायचा, हे ऐकायचा आणि मूग गिळून बसायचा. सांगितलं तर काका सुटतील हे त्याला कळत होतं. पण मग आपण अडकू, हेही कळत होतं.

एका रविवारी काका चहा ओतताना म्हणाले, "माझे दोन्ही डोळे काढून हिला बसवता आले असते तर बसवले असते रे." चहा बशीत सांडला. तेव्हा मात्र त्याला राहवेना.

"काका, तुमची काही चूक नाही. तो नियम मी लिहिला होता. एका नंबरावर एकच नाव. माझ्यामुळे मावशीचं नाव गेलं नाही."

काकांनी किटली खाली ठेवली. मावशीने आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि लगेच म्हणाली, "अरे, तू काय मुद्दाम केलंस? चोरांसाठी केलास ना नियम? सुक्याबरोबर ओलंही जळतं. मनाला लावून घेऊ नकोस."

"खरंय," काका म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखाच. मीच शहाण्यासारखं तिचं नाव आधी घालायला हवं होतं."

इथे थांबला असता तर त्याला माफी मिळालेली होती. फुकट, मागितल्याशिवाय. मावशी तर त्याचा हात शोधायला हात पुढे करत होती. पण काका पुन्हा तिथेच येऊन उभे राहिले होते, मीच, मीच म्हणत, आणि ते त्याला बघवेना.

"मावशीने मला फोन केला होता," तो म्हणाला. "दुसरा नंबर कुठून आणू म्हणून. माझा नंबर देता आला असता."

"तुला नसेल सुचलं तेव्हा, कामात होतास," मावशी म्हणाली.

"सुचलं होतं, मावशी."

तिचा पुढे आलेला हात वाटेतच राहिला.

"सुचलं होतं. पण मग सगळे फोन मला आले असते. तुला न्यायला लागलं असतं. म्हणून नाही बोललो."

काका त्याच्याकडे बघत होते, नव्या, स्वच्छ डोळ्यांनी, आणि त्याला ती नजर झेपेना म्हणून त्याने मान खाली घातली. लहानपणापासून त्याने काहीही मोडलं, सांडलं, हरवलं, की मावशी म्हणायची, जाऊ दे रे. आताही ती म्हणेल म्हणून तो वाट बघत राहिला. तिने पुढे केलेला हात हळूच मागे घेतला आणि पदरात ठेवला.

"अहो," ती काकांना म्हणाली, "मला जरा आत घेऊन चला."