पायांचे तळ

सुनेनं माशांच्या टाकीसाठी केलेल्या नव्या स्टँडच्या कडेवर नख दाबलं. पुसटशी खूण उठली. म्हणजे वॉर्निश अजून कच्चंच! तिचा जीव टांगणीला लागला, कारण बादलीतला मासा तोंड वर काढून हवा गिळत होता आणि सासरे दारातच उभे होते.

"आजच भर टाकी," ते म्हणाले.

पंधरा दिवसांपूर्वी माशांची टाकी लाकडी स्टँडसकट कोसळली, तेव्हा ही शेजारी फरशी पुसत होती. झालं, खापर हिच्याच डोक्यावर फुटलं. कैलासवासी सासूबाईंनी पाळलेल्या माशांपैकी हा एकच उरला. नवा स्टँड मीच करणार म्हणून ही हट्टाला पेटली. नणंद हसली, नवऱ्यानं लोखंडी आणू म्हटलं, पण ऐकते कोण? सांधे भरले, पॉलिशपेपर मारमारून वॉर्निशचे तीन हात दिले.

आणखी दोन दिवस थांबा, नाहीतर वॉर्निशचा वास पाण्यात उतरेल, असं तिनं सासऱ्यांना सांगितलं. त्यांना नाही म्हणायची या घरात कुणाची छाती नव्हती.

"आणि बादलीत मेला तर?"

"तर माझ्यामुळे मेला म्हणा. सवय झालीय मला."

सासऱ्यांना ते झोंबलं. खोट काढायचीच म्हणून त्यांनी स्टँड ठोकून पाहिला, कलता केला, पायाखाली हात घातला. हात तिथंच थांबला. पायाचा तळही वॉर्निशनं गुळगुळीत होता.

"इथं कशाला लावलंस?"

"तिथूनच पाणी चढतं, बाबा. रोज फरशी पुसताना, थोडं थोडं." मग तिनं जीभ चावली.

जुन्या स्टँडचा पाय तिनं पाहिला होता. वरून चकचकीत, खाली कोरं लाकूड, कुजून काळं पडलेलं. तो स्टँड सासऱ्यांनी स्वतः बनवलेला. बायकोचे मासे तुमच्याच हातून गेले, हे म्हाताऱ्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं? तिनं ब्रही काढला नव्हता.

सासरे स्टूल ओढून बादलीपाशी बसले आणि दोन दिवस तांब्या-तांब्यानं पाणी बदलत राहिले.

तिसऱ्या दिवशी नखाची खूण उठली नाही. टाकी भरली, मासा आत सुळकन फिरला. सगळे जमले होते.

"आता तरी जपून पूस हं, वहिनी," नणंद म्हणाली.

"तिनं नव्हती पाडली," सासरे म्हणाले. "माझ्या स्टँडचे पाय कुजले होते. हिला माहीत होतं, आणि ही गप्प बसली."

सुनेनं तोंड फिरवलं आणि कोरड्या फरशीवरच फडकं मारू लागली.